जिमी स्ट्युअर्ट: लढाईआधीचा आणि लढाईनंतरचा

मुळामुठा
शनिवारी रात्री झोप येईना म्हणून 'द नेकेड स्पर' लावला. अँथनी मानचा १९५३चा वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचा सिनेमा. शेवटी जेम्स स्ट्युअर्ट, म्हणजे हॉलिवूडचा आपला जिमी, नदीतून एका माणसाचं प्रेत ओढत आणतो आणि घोड्यावर लादायला लागतो. त्या प्रेतावर पाच हजार डॉलरचं बक्षीस आहे. नायिका समोर उभी. हा तिच्यावर खेकसतोय, की मी हे विकणार, माझी गेलेली जमीन परत घेणार. आणि खेकसता खेकसताच रडायला लागतो. ते रडणं इतकं उघडंवाघडं आहे की मी रिमोट उचलून आवाज कमी केला.

मग रविवारी मुद्दाम 'द शॉप अराउंड द कॉर्नर' पाहिला, १९४०चा. बुडापेस्टमधलं दुकान, नाताळचे दिवस. त्यात हाच माणूस शेवटी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढून नायिकेला दाखवतो की बघ बाई, माझे पाय फेंगडे नाहीत. काय गोड दिसतो! उंच, किडकिडा, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारा पोरगा.

या दोन सिनेमांत तेरा वर्षांचं अंतर आहे आणि मध्ये महायुद्ध. स्ट्युअर्ट नुसता गणवेश घालून फोटो काढणाऱ्यांतला नव्हता, बी-२४ बॉम्बर घेऊन जर्मनी आणि जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपवर वीस मोहिमा केल्या त्याने. माझं म्हणणं असं की लढाईवर गेला तो एक नट आणि परत आला तो दुसराच. बाकी सगळं, म्हणजे हिचकॉक, मान वगैरे दिग्दर्शक, त्याच्या मागून आलं. पटतंय का? की मी रात्री उशिरा सिनेमे बघायचं बंद करू?

पोहेवाली
पहिली! वाचून मग लिहिते. रात्री उशिरा सिनेमे बघणं बंद करू नका, धागे येणार कुठून मग.

रात्रपाळी
मस्त विषय. आमच्या पिढीला हा माणूस कार्टून नेटवर्कमुळे भेटला. हसू नका. नव्वदीत कार्टून संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि एमजीएम स्टुडिओचे जुने कृष्णधवल सिनेमे लागायचे. आई म्हणायची, झोपा आता, कार्टून संपलं. मी म्हणायचो, हे पण बघू दे ना, यात पण एक लांब टांगांचा प्राणी आहे. 'द फिलाडेल्फिया स्टोरी' तिथेच पाहिला. इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण दारू प्यायलेला स्ट्युअर्ट कॅरी ग्रँटच्या घरी मध्यरात्री जाऊन उचक्या देत बोलतो, ते कळायला इंग्रजी लागतच नाही.

जर्सीकर
मुळामुठा, लढाईचा भाग थोडा नीट सांगतो, कारण तो तुम्ही एका ओळीत उडवलात.

१९४०च्या अखेरीस लष्कराने त्याला परत पाठवलं होतं. सहा फूट तीन इंच उंची आणि वजन अगदीच कमी. मग गडी चरबीचं खाऊन आला आणि मार्च १९४१मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. तेव्हा शिपायाला पगार महिना २१ डॉलर. वय ३२, वैमानिकाचा परवाना आधीपासून जवळ. ऑस्कर मिळून महिनाही झाला नव्हता. १९४३च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यातल्या टिबनम तळावर, ४४५व्या बॉम्ब ग्रुपमध्ये एका स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून. चार वर्षांत शिपायाचा कर्नल झाला.

२४ फेब्रुवारी १९४४ला याच ग्रुपची २५ विमानं जर्मनीतल्या गोथा शहरावर गेली आणि १३ परत आली नाहीत. स्ट्युअर्ट त्या दिवशी उड्डाणावर नव्हता. दुसऱ्या दिवशी होता. सकाळी जेवणाच्या मेसमध्ये निम्मी बाकं रिकामी बघून तो विमानात चढला असणार, एवढं डोळ्यासमोर आणा. परतल्यावर त्याने करारात अटच घातली की माझी लष्करी कामगिरी सिनेमाच्या जाहिरातीत वापरायची नाही.

तेव्हा तुमच्याशी सहमत. असा माणूस परत येऊन पॅन्ट वर ओढून पाय दाखवणार नाही.

शंकेखोर
धागा छान, पण निष्कर्ष फार सोयीस्कर वाटतो.

स्ट्युअर्ट १९४५ला परतला आणि पहिली पाच वर्षं काय केलं? 'मॅजिक टाउन' केला, तो आपटला. 'यू गॉट्टा स्टे हॅपी' नावाची विनोदी प्रेमकहाणी केली. म्हणजे तो जुनंच दुकान पुन्हा उघडायला बघत होता. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून माल बदलला!

दुसरं, पैसा. १९५०चा 'विंचेस्टर ७३' कसा झाला बघा. युनिव्हर्सल स्टुडिओला त्याची बिदागी परवडत नव्हती. त्याचा एजंट ल्यू वासरमनने सांगितलं, या सिनेमापुरते पैसे देऊ नका, नफ्यात वाटा द्या. त्या वाट्यातून सहा लाख डॉलरच्या आसपास मिळाले म्हणतात. त्या काळात बहुतेक नट स्टुडिओचे पगारी नोकर होते. स्ट्युअर्टही १९३५पासून एमजीएमचा नोकरच होता, देतील ते काम मुकाट करायचं. आता तो भागीदार झाला. भागीदार माणूस खेळतो, नोकर घाबरतो. त्याच्या कारकिर्दीचे दोन भाग पाडायचेच असतील तर रेघ १९५०वर मारा. बॉम्बरपेक्षा कागदपत्रं महत्त्वाची.

पोहेवाली
शंकेखोर, तुम्ही सीए आहात का?

शंकेखोर
तुम्हाला कसं कळलं 😀

खिडकीतली_साळुंकी
दोन्ही बाजू वाचतेय. मला त्यातलं फार कळत नाही, पण हिचकॉकच्या 'रिअर विंडो'बद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही. पाय मोडून घरात अडकलेला स्ट्युअर्ट समोरच्या खिडक्यांत बघत बसतो आणि त्याला खुनाचा संशय येतो, तो सिनेमा.

२०११मध्ये मी घरातच पायरीवरून घसरले, डाव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पलंगावर. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत. पलंग खिडकीशी, समोर दुसरी चाळ. भावाने थट्टा म्हणून हा सिनेमा आणून दिला. त्यात एक जागा आहे, स्ट्युअर्टच्या प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि तो एक लांब काडी आत घालून खाजवतो. आधी कळवळतो आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे सुख पसरतं ना! मी ओरडलेच, अगदी अस्संच! माझ्याकडे आईची विणायची सुई होती, दहा नंबरची. ज्याला प्लास्टर पडलंय त्यालाच त्या अभिनयाची किंमत.

बाकी समोरच्या खिडक्यांत काय चाललंय ते बघायला चाळीत दुर्बीण लागत नाही. आणि खून तर सोडाच, कोणाकडे सुरमई आणली तरी अर्ध्या तासात सगळ्या मजल्यांना कळतं.

गोळ्याऔषधं
विणायची सुई प्लास्टरमध्ये घालू नका. कोणीही. आत खरचटलं तर जखम दिसत नाही आणि चिघळते. हेअर ड्रायरची थंड हवा सोडा.

आता विषयाचं. 'युद्धामुळे त्याला मानसिक आघात झाला आणि तोच पडद्यावर दिसतो' हे हल्ली फार लिहिलं जातं. मला डॉक्टर म्हणून त्याचा त्रास होतो. पडद्यावरच्या माणसाचं निदान करता येत नाही. रडणं, संतापणं, हात थरथरणं हे त्याला जमायचं कारण तो नट होता. लढाईवर न गेलेल्या नटांनीही त्या दशकात काळ्याकुट्ट भूमिका केल्याच की. सगळं हॉलिवूडच तेव्हा अंधारात शिरलं होतं.

खिडकीतली_साळुंकी
डॉक्टर, सुई बोथट बाजूने घातली होती. तेवढी अक्कल आहे.

जर्सीकर
डॉक्टरसाहेब, निदान नको, मान्य. पण 'विंचेस्टर ७३'मधला बारचा प्रसंग आठवा. डॅन डुर्या बसलाय, हा शांतपणे जवळ येतो, त्याचा हात पिरगाळतो आणि तोंड धाडकन बारवर दाबतो. क्षणभर त्याचे डोळे असे दिसतात की हा आता थांबणार नाही. हे १९३९च्या स्ट्युअर्टमध्ये दाखवा मला.

आजोबांचा_चष्मा
दाखवतो. आणि १९३९ कशाला, १९३६ घ्या.

'आफ्टर द थिन मॅन'. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय. त्यात स्ट्युअर्ट नायिकेच्या चुलतबहिणीवर वर्षानुवर्षं प्रेम करणारा भला मुलगा आहे. अगदी तुमचा लांब टांगांचा, गोड, अडखळत बोलणारा. आणि शेवटी कळतं की खुनी तोच. मग तो पिस्तूल काढतो आणि त्या मुलीला सांगतो की मला तुझा किती द्वेष वाटतो. आवाज चिरकतो, डोळे मोठे होतात. अंगावर काटा येतो. १९५३च्या 'नेकेड स्पर'मध्ये जे आहे ते तिथे सगळं आहे, फक्त पाच मिनिटांपुरतं. तेव्हा त्याला लढाईचा वासही लागला नव्हता. मुळामुठा, तुमचा सिद्धांत तिथेच निकालात निघतो.

रात्रपाळी
काका!!! खुनी कोण ते सांगून टाकलंत! मी या वीकेंडला बघणार होतो!

आजोबांचा_चष्मा
बाळा, सिनेमा १९३६चा आहे. किती थांबायचं आम्ही?

पोहेवाली
लोल. काकांना दंडवत.

भाकरवडी
बाकी सगळं खरं, पण त्या काळातल्या वयांच्या हिशेबाचं काय? 'व्हर्टिगो'त हा पन्नाशीचा आणि किम नोव्हाक पंचवीसची. 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'मध्ये तर लिंडबर्ग झालाय. लिंडबर्गने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला तेव्हा तो २५चा होता, आणि हे साहेब सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे, केस पिवळे करून. आपण उगाच आपल्या हिरोंना कॉलेजकुमार म्हणून नावं ठेवतो.

रात्रपाळी
आणि 'व्हर्टिगो' चालला नाही त्याचं खापर हिचकॉकने स्ट्युअर्टच्या वयावर फोडलं म्हणतात. मग पुढच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'साठी कोणाला घेतलं? कॅरी ग्रँटला. जो स्ट्युअर्टहून चार वर्षांनी मोठा!

भाकरवडी
ग्रँटला वय लागू नसतं. आमच्याकडे ते फक्त देव आनंदला माफ होतं.

आजोबांचा_चष्मा
आणि १९८५ला स्ट्युअर्टला मानद ऑस्कर मिळालं तेव्हा ते द्यायला स्टेजवर कोण? ग्रँटच. दोघं म्हातारे, पांढरे केस. 'फिलाडेल्फिया स्टोरी'तली उचकी आठवून मला भरून येतं.

पोहेवाली
वाचून झालं सगळं. मला त्याच्या वडिलांचा किस्सा आवडतो. पेन्सिल्व्हेनियातल्या इंडियाना गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, कुलपं, बादल्या. पोराला ऑस्कर मिळाल्यावर वडिलांचा फोन, काहीतरी बक्षीस मिळालंय म्हणे, इकडे पाठव, दुकानाच्या खिडकीत ठेवू. आणि खरंच ती बाहुली अनेक वर्षं तिथे होती. आमच्या बाबांनी पण माझी वक्तृत्व स्पर्धेची ढाल किराणा दुकानात गल्ल्यामागे ठेवली होती, गिऱ्हाईक विचारेपर्यंत सुटे पैसे द्यायचे नाहीत.

जर्सीकर
त्या गावाला गेलोय मी. पिट्सबर्गहून तासा-दीड तासाचा रस्ता. गावच्या वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं छोटं संग्रहालय आहे, कोर्टासमोर पुतळा. बायको म्हणाली, याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलंस? संग्रहालयातून बाहेर आल्यावर मात्र तीच म्हणाली, आता घरी गेल्यावर तो सशाचा सिनेमा लावू.

खिडकीतली_साळुंकी
सशाचा म्हणजे 'हार्वी'! सहा फूट साडेतीन इंचांचा ससा, जो जवळजवळ फक्त स्ट्युअर्टलाच दिसतो. आणि पूर्ण सिनेमाभर हा त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघतो, दर वेळी बरोब्बर एकाच उंचीवर. तो स्वतः सहा फूट तीन असल्यामुळे ससा त्याच्यापेक्षा अर्धा इंचच उंच निघतो, पण बघतो बराच वर. विचारलं पाहिजे त्याला.

शंकेखोर
कान धरून मोजत असतील.

पण साळुंकीताई, तुम्ही नकळत मोठा मुद्दा मांडलात. 'हार्वी' १९५०चा. 'विंचेस्टर ७३' पण १९५०चा. एकाच वर्षी तोच माणूस बारवर माणसाचं तोंड आपटतोय आणि सशाला दार उघडून देतोय. मग कुठला युद्धानंतरचा?

सातारकर_मावळा
घोड्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? पाय (इंग्रजी Pie) नावाचा घोडा होता. जवळजवळ वीस वर्षं स्ट्युअर्टने वेस्टर्नमध्ये तोच वापरला. त्याचा स्वतःचा नव्हता, मालकीण विकायला तयार नव्हती. 'द फार कंट्री'त एक प्रसंग आहे, स्वाराशिवाय घोडा एकटा रस्त्याने चालत जातो, खोगिराला घंटी. शिकवणारा कोणी हाताशी नव्हता. स्ट्युअर्ट घोड्याच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला आणि घोडा पहिल्याच टेकमध्ये नीट चालत गेला, असा तो किस्सा सांगायचा. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हे खोटं वाटणार नाही.

आणि पायचं चित्र काढून कोणी दिलं? नट हेन्री फोंडाने.

भाकरवडी
फोंडा आणि हा जिगरी ना? तरुणपणी एका खोलीत राहायचे, विमानांची मॉडेलं बनवायचे. एक कट्टर रिपब्लिकन, दुसरा कट्टर डेमोक्रॅट. चाळीसच्या दशकात राजकारणावरून एकदा हातघाईवर आले म्हणतात. त्यानंतर ठरलं, राजकारण बोलायचं नाही. मरेपर्यंत दोस्ती टिकली. १९४०च्या सिनेमांच्या ऑस्करला स्ट्युअर्टने स्वतःचं मत पण फोंडालाच दिलं होतं, 'ग्रेप्स ऑफ रॅथ'साठी, आणि जिंकला स्वतः.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हा नियम लावायचा प्रयत्न केला. मला ग्रुपमधून काढलं.

रात्रपाळी
+१. मला दोनदा.

संपादक_मंडळ
सध्याच्या राजकारणाकडे वळू नये ही विनंती. घोडा चालेल.

मुळामुठा
बापरे, चार दिवस ऑफिसच्या ऑडिटमध्ये होतो, एवढं झालं! सगळ्यांचे आभार. काकांच्या सांगण्यावरून 'आफ्टर द थिन मॅन' पाहिला. खुनी माहीत असूनही (रात्रपाळी, क्षमस्व) शेवट बसला. काकांचं खरं आहे, ते आत आधीपासून होतं. सिद्धांत अर्धा मागे घेतो.

पण अर्धाच. १९३६मध्ये तो वेडेपणा खलनायकाचा आहे, त्याच्या हातात पिस्तूल, आपण पलीकडच्या बाजूला. कोणीतरी टोपी फेकून मारतं, त्याला धरतात, संपलं, आपण सुटतो. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये बारमध्ये बसून तो देवाकडे मदत मागतो तेव्हा आपण सुटत नाही. लढाईनंतरचा पहिलाच सिनेमा तो, १९४६. ती रडारड ठरलेली नव्हती, ऐन वेळी आली, आणि कॅमेरा पुरेसा जवळ नव्हता म्हणून दिग्दर्शक फ्रँक काप्राने नंतर लॅबमध्ये ती फ्रेम मोठी करून घेतली असं सांगतात. परत बघा, चित्र किंचित रवाळ दिसतं तिथे.

आजोबांचा_चष्मा
अर्धा मागे घेतलात ना, मग उरलेल्या अर्ध्यासाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. नटाची नाही, प्रेक्षकाची.

तुम्ही सगळे 'आधीचा गोड' आणि 'नंतरचा काळा' म्हणताय, पण सत्तरीत, ऐंशीच्या सुरुवातीला कोणाच्या डोक्यात काळा स्ट्युअर्ट नव्हताच. का? हिचकॉकचे पाच सिनेमे, ज्यांचे हक्क त्याच्याकडे परत आले होते, ते बरीच वर्षं बाजारातूनच काढून घेतलेले होते. १९८०ला हिचकॉक गेला, आणि १९८३-८४मध्ये ते पुन्हा थिएटरात आले. त्या पाचांत चार स्ट्युअर्टचे. 'रोप', 'रिअर विंडो', 'द मॅन हू न्यू टू मच', 'व्हर्टिगो'. हिचकॉकबरोबर त्याने केलेले चारच, आणि चारही कुलपात!

त्याच काळात उलट काय झालं? 'इट्स अ वंडरफुल लाइफ' मुळात तिकीटखिडकीवर पडलेला सिनेमा. १९७४मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण करायला कोणीतरी विसरलं. फुकट झाला. मग अमेरिकेतलं प्रत्येक लहानमोठं टीव्ही स्टेशन नाताळात तोच लावायला लागलं. म्हणजे एका बाजूला कुलूप, दुसऱ्या बाजूला फुकट वाटप. भला जिमी घराघरात गेला, बाकीचा गोदामात राहिला. १९८४ला 'व्हर्टिगो' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धक्का बसला होता, की हिरव्या उजेडातून ती बाई बाहेर येते आणि तिच्याकडे असा भुकेला बघणारा हा माणूस कोण? ओळखीचा काका एकदम रस्त्यात भलत्याच अवस्थेत दिसावा तसं.

शंकेखोर
काका, हे भारी आहे. आणि माझ्या बाजूचं आहे, हेही नमूद करतो. शेवटी कागदपत्रंच!

गोळ्याऔषधं
त्या भल्या जिमीच्या सिनेमात पण तो पुलावर जीव द्यायला उभा असतो, घरी पोरांवर ओरडतो, खोलीतल्या वस्तू लाथेने उडवतो. लोकांनी चाळीस वर्षं तो नाताळचा गोड सिनेमा म्हणून पाहिला. म्हणजे फुकट मिळालं तरी नीट बघतो कोण.

जर्सीकर
आमच्याकडे दर डिसेंबरात एनबीसीवर लागतो. मुलं मोठी झाली तरी बसतात. बर्फ मात्र खोटा आहे बरं का, शूटिंग भर उन्हाळ्यात, पुलावर स्ट्युअर्टच्या कपाळावर घाम दिसतो. त्या आधी सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, पायाखाली कुरकुर वाजायचे. इथे आग विझवायचा फेस आणि साबण वापरला. सिनेमाला पाच नामांकनं होती, हाती लागलं ते फक्त त्या बर्फासाठीचं तांत्रिक पारितोषिक.

पोहेवाली
कॉर्नफ्लेक्स!! आता कुठल्याही जुन्या सिनेमात बर्फ दिसला की मी आवाजच ऐकत बसणार.

मुळामुठा
काल रात्री बाबांना 'वंडरफुल लाइफ' दाखवला. त्यांना इंग्रजी जेमतेम. बारचा प्रसंग आला तसं म्हटलं, बाबा, हा खरा लढाईवरून आलेला. ते काही बोलले नाहीत. सिनेमा संपल्यावर फक्त म्हणाले, "तो तोंडावर मूठ दाबत होता बघ. आपले आबा तसंच करायचे." आबा पासष्टच्या लढाईत होते. मी त्यांना नीट पाहिलेलं नाही, फक्त फोटोत.

डॉक्टर, निदान करत नाहीये. फक्त सांगितलं.

गोळ्याऔषधं
काही हरकत नाही हो. लिहा आणखी आठवलं तर.

खिडकीतली_साळुंकी
मुळामुठा, आबांवर वेगळा धागा काढा. आणि बाबांना पुढच्या शनिवारी 'हार्वी' दाखवा.